चालत्या कंटेनरमध्ये दुरुस्ती : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या तिघांचा अनुभव

उल्हासनगर म्हटले की जीन्स, फर्निचर आणि गजानन मार्केट ही नावे ओठांवर येतात. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि पत्ता सांगताना लोक आजही कॅम्पचा नंबरच सांगतात. येथील जीन्सच्या कारखान्यांत मशीनवर बसणाऱ्यांमध्ये आपले कारागीर किती आहेत, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अशाच एका कारखान्याच्या पोटमाळ्यावर मध्यंतरी आमचे जाणे झाले. खाली मशीनींचा आवाज, आणि वर कापडाच्या थानांना टेकून एक तरुण लॅपटॉप घेऊन बसलेला. जीन्स शिवणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब ठेवणारा, मोबाइलवर उघडणारा एक वेब प्रोग्राम तो तयार करीत होता.

एका पँटीत कामे अनेक असतात. खिसा लावणाऱ्याचा दर वेगळा, बेल्टवाल्याचा वेगळा. लुप्पी, चेन, बॉटम, काज-बटण, सगळ्यांचे दर निराळे, आणि माल हलका की भारी यावर तेही बदलतात. आठवड्याचा हिशेब होतो तेव्हा वाद याच दरांवरून होतात. हे सारे दर मास्टरच्या डोक्यात असतात, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या नव्हे. पैसे मोजून करून घेतलेले आणि महिन्याभरात अडगळीत पडलेले असे प्रोग्राम आम्ही पाहिले आहेत. ते लिहिणारा माणूस कारागिराच्या शेजारी कधी बसलाच नव्हता, हेच त्याचे कारण.

हा तरुण बसत होता. पण मास्टरला सवड मिळते ती जेवणाच्या सुट्टीत, फार तर अर्धा तास. पहिल्या दिवशी काय घडले ते त्याच्याच तोंडून ऐकले. मास्टर म्हणाले, डबल शिलाईच्या खिशाचा दर वेगळा पाहिजे. त्याने दोन ओळी बदलल्या आणि प्रोग्रामचा कंटेनर पुन्हा बांधायला घेतला. तीन मिनिटे गेली. मास्टरांनी पडदा पाहिला, दुसरी चूक दाखविली. पुन्हा तीन मिनिटे. चौथ्या वेळी मास्टर उठले आणि म्हणाले, "बेटा, तुझी मशीन गरम होईपर्यंत माझे दहा पीस निघतात."

ही तीन मिनिटे कशी गेली, तेच आज सांगायचे आहे.

तिघे आणि त्यांच्या तीन मशिनी

हे काम एकट्याचे नाही. दुसरा भागीदार अंबरनाथचा. दिवसा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये असतो आणि रात्री कोड लिहितो. तिसरी भागीदार बदलापूरची, तिची नोकरी नवी मुंबईत. सकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिचे अर्धे काम गाडीतच उरकते. उल्हासनगरवाल्याचा लॅपटॉप जुन्या बाजारातला, विंडोजचा, आठ जीबी मेमरीचा. अंबरनाथवाल्याचाही विंडोज, पण नोड या प्रणालीची आवृत्ती वेगळी. बदलापूरच्या मुलीकडे लिनक्स. एकाकडे चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे अडायचा आणि रात्री फोनवर भांडण व्हायचे, "माझ्याकडे तर चालतोय!"

या भांडणावर जगभरच्या प्रोग्रामरांनी जो इलाज काढला तो म्हणजे कंटेनर. नाव अर्थातच मालाच्या पेटीवरून आले. आपले जे भाई न्हावा शेवामार्गे माल पाठवितात त्यांना ती पेटी परिचयाची आहे. मॅल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने १९५६ च्या एप्रिलमध्ये अशा ५८ पेट्या एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून आत काय आहे याची फिकीर बंदरावरच्या क्रेनला राहिली नाही. संगणकातला कंटेनर तसाच. प्रोग्राम, त्याला लागणारी नोडची नेमकी आवृत्ती, सगळ्या लायब्रऱ्या, हे सामान एका पेटीत बंद करायचे. ती पेटी कोणत्याही मशिनीवर सारखीच उघडते. लिनक्समध्ये याची साधने आधीपासून होती, पण सामान्य प्रोग्रामरच्या हाती ती डॉकरने दिली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा येथे पायथॉनच्या परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर प्रथम लोकांपुढे ठेवला.

पेटी ज्यावरून तयार होते त्याला इमेज म्हणतात. आपण त्याला फर्मा म्हणू. तिघांकडे एकच फर्मा गेला आणि रात्रीची भांडणे थांबली. पण कोड फर्म्यातच शिवलेला. एक ओळ बदलायची तरी फर्मा नव्याने बांधा, जुनी पेटी बंद करा, नवी उघडा. मास्टर उठून गेले ते याच ठिकाणी.

आधी साधी दुरुस्ती

पहिली चूक निघाली ती फर्मा बांधण्याच्या क्रमात. डॉकरफाइल नावाच्या कागदावर पायऱ्या लिहिलेल्या असतात. जी पायरी बदललेली नाही ती डॉकर पुन्हा करीत नाही, आधीचे तयार काम वापरतो. मात्र एक पायरी बदलली की तिच्याखालच्या सर्व पायऱ्या नव्याने होतात. या मुलाने सगळा कोड आधी आत घेतला होता आणि लायब्रऱ्या उतरवून घेण्याची पायरी त्यानंतर ठेवली होती. म्हणजे खिशाचा दर बदलला तरी शेकडो लायब्रऱ्या पुन्हा उतरायच्या. क्रम उलटा केला, आधी फक्त लायब्रऱ्यांची यादी आत, मग त्या बसविणे, सर्वांत शेवटी कोड. तीन मिनिटांचे काम वीस सेकंदांवर आले. यासाठी एक पैसाही लागला नाही.

वीस सेकंदही जास्तच. पडदा पुन्हा कोरा होतो, मास्टरांनी भरलेले आकडे जातात, परत सुरुवातीपासून भरा.

भिंतीतली खिडकी

बेकरीत भट्टीची खोली आणि काउंटर यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी असते. भट्टीवाल्याने फळीवर पाव ठेवला की काउंटरवाल्याला तो तिथेच दिसतो, फिरून आणून द्यावा लागत नाही. डॉकरमध्ये अशी खिडकी ठेवता येते, तिला बाइंड माउंट म्हणतात. आपल्या लॅपटॉपवरचे कोडचे फोल्डर पेटीच्या आतूनही दिसू लागते. बाहेर फाइल बदलली की आतलीही बदललेलीच असते, कारण ती एकच फाइल आहे.

येथे नवशिक्याची पहिली ठेच ठरलेली. खिडकी लावताच प्रोग्राम बंद पडतो आणि लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार करतो. कारण उघड आहे. बाहेरच्या फोल्डरने आतले फोल्डर झाकले, आणि पेटीत बसविलेल्या लायब्रऱ्याही त्याखाली झाकल्या गेल्या. मग काही जण बाहेर विंडोजवर लायब्रऱ्या बसवितात आणि त्याच आत दाखवितात. तेही चालत नाही, कारण काही लायब्रऱ्यांचे भाग विंडोजसाठी वेगळे आणि लिनक्ससाठी वेगळे बनतात, आणि पेटीच्या आत लिनक्स असतो. योग्य रीत अशी की नोड मॉड्यूल्स या फोल्डरला स्वतःचा वेगळा व्हॉल्यूम, म्हणजे पेटीच्या बाजूचा स्वतंत्र कप्पा द्यावा. खिडकीचे झाकण मग त्याच्यावर पडत नाही.

खिडकी झाली, पण आतला प्रोग्राम तर आधीच वाचून झालेल्या कोडवर चालू आहे. नवा पाव फळीवर आला हे काउंटरवाल्याला कोणी सांगायचे? यासाठी राखणदार ठेवतात. नोडसाठी रेमी शार्प या इंग्रज प्रोग्रामरचा नोडमॉन २०१० पासून आहे, फाइल बदलली की तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करतो. २०२२ साली आवृत्ती १८.११ मध्ये नोडने स्वतःचीच वॉचची सोय दिली. पायथॉनच्या जँगोमध्ये ती अंगचीच आहे. पीएचपीवाल्यांना बहुधा काहीच करावे लागत नाही, कारण तेथे प्रत्येक मागणीला फाइल नव्याने पाहिली जाते; आपल्याकडील कित्येक मुले अजून पीएचपीवर कामे घेतात, त्यांनी यात कमीपणा मानू नये.

पडद्यावर दिसणाऱ्या भागासाठी व्हीट आहे. एव्हन यू यांनी तो २०२० मध्ये आणला. बदललेला तेवढाच तुकडा तो ब्राउझरमध्ये बदलतो आणि एरवी भरलेले आकडे जागच्या जागी राहतात. बदलापूरबद्दल जुनी माणसे सांगतात की पूर्वी लांबच्या वाटेवरचे स्वार येथे घोडे बदलीत, म्हणून हे नाव. तिथल्या मुलीने आम्हाला हसत सांगितले, "आमच्या गावचेच काम आहे हे." एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी. व्हीट पेटीच्या आत फक्त स्वतःशीच बोलतो. बाहेरच्या ब्राउझरला तो दिसावा यासाठी त्याची होस्टची सेटिंग उघडी करावी लागते आणि ५१७३ हा पोर्ट बाहेर द्यावा लागतो.

घंटी वाजत नव्हती

इतके झाल्यावर बदलापूरला सगळे सुरळीत चालले. फाइल सेव्ह केली की पडदा बदलला. उल्हासनगर आणि अंबरनाथला मात्र काहीच नाही. तोच फर्मा, तीच सेटिंग. फाइल आत उघडून पाहिली तर बदल दिसतोय, पण राखणदार झोपलेला. या एका अडचणीत दोघांचे चार दिवस गेले, आणि आमच्या मते हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ मुलांचेही जातात.

राखणदाराला खबर कशी मिळते हे कळले की कोडे सुटते. लिनक्सच्या गाभ्यात आयनोटिफाय नावाची सोय २००५ पासून आहे. ती एक घंटी समजा. फाइल बदलली की गाभा स्वतः घंटी वाजवितो आणि राखणदार उठतो. बदलापूरच्या लॅपटॉपवर आत-बाहेर एकच लिनक्स, म्हणून घंटी ऐकू गेली. विंडोजवर तसे नाही. तेथे डॉकर आपल्यापुरता एक लहान लिनक्स चालवितो आणि पेट्या त्याच्या आत असतात. सी ड्राइव्हवरच्या फाइली त्या लिनक्सला भिंतीपलीकडून दाखविल्या जातात. फाइल दिसते, पण विंडोजने वाजविलेल्या घंटीची तार भिंतीतून आत जात नाही.

उपाय तीन, आणि तिघांनी तिन्ही करून पाहिले.

पहिला म्हणजे घंटीची वाट न पाहता वॉचमनला फेऱ्या मारायला लावणे. याला पोलिंग म्हणतात. दर सेकंदाला, किंवा सांगाल तितक्या वेळाने, राखणदार प्रत्येक फाइल तपासून पाहतो. नोडमॉनमध्ये यासाठी लेगसी वॉच आहे, व्हीटमध्ये यूझ पोलिंग. काम लगेच झाले. पण हजार फाइलींवर सतत फेऱ्या म्हणजे प्रोसेसरला उसंत नाही. उल्हासनगरच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा असा फिरू लागला की खालच्या मशीनींशी स्पर्धा. बॅटरी तासाभरात खलास. फोल्डर लहान असेल, घाई असेल, तर हा उपाय ठीक. लायब्रऱ्यांचे फोल्डर फेऱ्यांतून वगळावे.

दुसरा उपाय अंबरनाथवाल्याने केला. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल दोन या नावाचा लिनक्स येतो. कोडचे फोल्डर सी ड्राइव्हवरून उचलून त्याने त्या लिनक्सच्या स्वतःच्या जागेत नेले. आता फाइलही भिंतीच्या आत आणि घंटीही आत. शिवाय फाइली वाचण्याचा वेगही वाढला. विंडोजवर काम करणाऱ्याला आम्ही आधी हेच करायला सांगू. एडिटर मात्र त्या जागेतल्या फाइली उघडू शकणारा हवा.

तिसरा उपाय सर्वांत नवा. २०२३ मध्ये डॉकर कंपोजच्या २.२२ या आवृत्तीत वॉच नावाची सोय पक्की झाली. तिची चाल उलटी आहे. ती खिडकी उघडत नाही. ती बाहेर, विंडोजवरच बसते, जिथे विंडोजची घंटी नीट ऐकू येते. फाइल बदलली की ती उचलून पेटीच्या आत नेऊन ठेवते. आत फाइल खरोखर लिहिली जाते, म्हणून आतल्या लिनक्सची घंटी वाजते आणि आतला राखणदार जागा होतो. कोणत्या फाइलीवर काय करायचे हे कंपोजच्या कागदावर लिहून ठेवता येते. साधा कोड असेल तर नुसती नक्कल, म्हणजे सिंक. सेटिंगची फाइल असेल तर नक्कल करून पेटी पुन्हा सुरू. लायब्रऱ्यांची यादी बदलली तर फर्माच नव्याने, म्हणजे रीबिल्ड. नोड मॉड्यूल्सचे फोल्डर वगळायलाही तिथेच सांगावे. झाकण पडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण खिडकी नाही. दोन अटी आहेत : पेटी आपल्याच फर्म्यावरून बांधलेली असावी, आणि आत ज्याच्या नावाने प्रोग्राम चालतो त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा असावी. दुसरी अट विसरल्याने उल्हासनगरवाल्याची एक संध्याकाळ गेली.

शेवटी तिघांनी हीच रीत एकमताने धरली, एक कागद तिघांकडे चालतो म्हणून.

एका अक्षराचे नुकसान

यात एक घटना अशी घडली की ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. हे तेव्हाचे, जेव्हा खिडकी आणि कप्पा ही जुनी रीत चालू होती. एक नवी लायब्ररी जोडली, फर्मा पुन्हा बांधला, तरी आत ती सापडेना. कारण नोड मॉड्यूल्सचा कप्पा जुनाच राहिला होता; फर्मा बदलला तरी कप्पा आपोआप बदलत नाही. कोणी तरी सुचविले, कंपोज डाउन करताना पुढे स्मॉल व्ही लावा, कप्पे साफ होतात. लावला. कप्पे खरेच साफ झाले, सगळेच. डेटाबेसही अशाच एका कप्प्यात होता. मास्टरांनी जेवणाच्या सुट्ट्यांत बसून भरलेले सोळा दिवसांचे दर आणि हजेरी गेली.

नुकसान भरून आले ते मास्टरांच्या कागदी वहीमुळे. त्यांनी ती अजून बंद केली नव्हती. दोन रात्री बसून तिघांनी सारे पुन्हा भरले. नुसते नोड मॉड्यूल्सचे निनावी कप्पे बदलायचे असतील तर कंपोज अप करताना कॅपिटल व्ही लावायचा असतो, त्याने नाव दिलेला डेटाबेसचा कप्पा शाबूत राहतो. एक अक्षर लहान की मोठे, एवढाच फरक. आता डेटाबेसची नक्कल रोज रात्री वेगळ्या पेन ड्राइव्हवर जाते. व्यापाऱ्याने आपल्या प्रोग्रामरला पहिला प्रश्न हाच विचारावा, की माझी नोंद कोणत्या कप्प्यात आहे आणि तिची नक्कल कुठे आहे.

दुसरा प्रश्न : दुकानात चालणाऱ्या प्रोग्रामवर हा राखणदार चालू तर नाही ना? ही सारी सोय काम शिकविण्या-सुधारण्याच्या टेबलासाठी आहे. काउंटरवर गिऱ्हाईक उभे असताना कोणी अर्धवट लिहिलेली फाइल सेव्ह केली आणि राखणदाराने ती तशीच उचलली, तर बिल अडते. ईदच्या आठवड्यात असे होणे परवडणारे नाही. दुकानासाठी पक्का बांधलेला, सीलबंद फर्मा वेगळा ठेवावा; त्यात ना खिडकी, ना वॉच. तो बदलायला मिनिटे लागली तरी हरकत नाही, दुकान बंद झाल्यावर बदला.

खर्चाचे विचाराल तर डॉकर डेस्कटॉप हे विंडोजवरचे पॅकेज मोठ्या कंपन्यांना २०२१ पासून पैसे मोजून घ्यावे लागते, पण अडीचशेपेक्षा कमी माणसे आणि वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या धंद्याला फुकट आहे. आपल्यापैकी बहुतेक त्यात बसतात. लिनक्सवरचे मूळ डॉकर इंजिन तर खुलेच आहे. खर्च आहे तो मेमरीचा. आठ जीबीत काम होते, पण डब्ल्यूएसएलला किती मेमरी द्यायची याची मर्यादा घालून ठेवावी, नाही तर ब्राउझर गुदमरतो. जुना लॅपटॉप घेताना मेमरी वाढविता येते की नाही ते पाहूनच घ्यावा. मुलाला सोळा जीबी करून दिलीत तर नव्या मशिनीचे पैसे वाचतील.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दीड वाजला होता. मास्टर डबा संपवून पोटमाळ्यावर आले, खुर्ची ओढून बसले. नव्या लॉटमध्ये छोट्या घडीच्या खिशाचे काम वेगळे धरायचे होते. मुलाने ओळ लिहिली, सेव्ह केली, आणि मास्टर चष्मा पुसेपर्यंत नवा रकाना पडद्यावर आला. त्यांनी भरलेले आधीचे आकडे तसेच होते. एक दर चुकला होता तो त्यांनी लगेच दाखविला, तोही बदलला. त्या अर्ध्या तासात सतरा दुरुस्त्या झाल्या, आम्ही मोजल्या. शेवटची होती बॉटमच्या दरात पंचवीस पैशांची. ती पाहून मास्टर म्हणाले, हा दर खाली कारागिरांना विचारून येतो, आणि जिना उतरले.